पोलिश वैमानिकांची ब्रिटिश पदके: छापण्याआधी पाठ आणि कड वाचा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वळिवड्याच्या पोलिश छावणीवर कुठे मजकूर आला की शेजारी बहुतेक वेळा एक चौकट असते: ब्रिटनच्या आकाशात लढलेले पोलिश वैमानिक आणि त्यांना मिळालेली ब्रिटिश पदके. आमच्या सीमाभागात ती चौकट आवडीने वाचली जाते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरच्या वेशीवर सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत मुख्यतः बायका, मुले आणि वृद्ध होते. अनेकांच्या घरचे पुरुष पोलिश फौजेत लढत होते. आज त्या जागी गांधीनगरची कापडपेठ आहे आणि निपाणी, संकेश्वर, बेळगावची माणसे तिथे बस्ता बांधायला जातात. शिवाय मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आणि हवाई दलाचे प्रशिक्षण सांबऱ्यात, त्यामुळे पदकांविषयी इथे आस्था आहे. पण या चौकटींतल्या चुका ठरलेल्या आहेत. पुढे त्याच शाळेच्या भित्तिपत्रकात जातात, मोबाइलवर फिरतात आणि शेवटी जुन्या पदकांच्या खरेदी-विक्रीत कुणाला तरी फसवतात. जुन्या लष्करी पदकांचा अभ्यास करणारे आम्ही काही बेळगावकर आहोत. त्या चुका एकदा नीट मांडाव्यात म्हणून हे पत्र.

सर्वांत मोठी चूक आधी. ‘पोलिश वैमानिकांना व्हिक्टोरिया क्रॉस’ असे छापले जाते. दुसऱ्या महायुद्धात एकाही पोलिश वैमानिकाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला नाही. मिळाला तो मुख्यतः डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, म्हणजे डीएफसी. वाचणाऱ्याला ‘क्रॉस’ दिसला की मराठा रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव आठवतात आणि लिहिणारा तिथेच घसरतो. जाधवांनी ज्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ती ९ एप्रिल १९४५ ची इटलीतली सेनिओ नदीवरची. त्याच हल्ल्यात शेजारच्या आघाडीवर पोलिश दुसरी कोअरही सेनिओ ओलांडत होती. मराठा आणि पोलिश यांचा संबंध जोडायचाच असेल तर तो इथे जोडावा. तो खरा आहे आणि फारसा कुणी सांगत नाही.

आता डीएफसी आणि डीएफएम, म्हणजे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल, यांतला फरक. दोन्ही ३ जून १९१८ रोजी सुरू झाली. दोन्ही शत्रूविरुद्ध प्रत्यक्ष हवाई कारवाईत दाखवलेल्या शौर्यासाठी. फरक पराक्रमाचा नाही, हुद्द्याचा आहे: डीएफसी अधिकाऱ्यांना आणि वॉरंट ऑफिसरांना, डीएफएम त्याखालच्या सार्जंट वगैरे हुद्द्यांना. आपल्याकडे वीरचक्र विंग कमांडरलाही तेच आणि एअरमनलाही तेच, म्हणून आपल्या वाचकाला ‘मेडल’ हे ‘क्रॉस’पेक्षा हलके वाटते. ब्रिटनने ही हुद्द्याची भिंत १९९३ मध्ये पाडली, तेव्हा डीएफएम बंद झाले. त्यामुळे ‘अमक्याला फक्त डीएफएम मिळाले’ या वाक्यातला ‘फक्त’ खोडावा.

३०३ क्रमांकाची पोलिश स्क्वाड्रन याचे उत्तम उदाहरण. नॉर्थोल्टच्या तळावरून ती ३१ ऑगस्ट १९४० पासून लढाईत उतरली. विटोल्ड उर्बानोविच, यान झुंबाख, मिरोस्लाव्ह फेरिच, झ्दिस्लाव्ह हेन्नेबेर्ग हे अधिकारी, म्हणून त्यांना डीएफसी. त्याच स्क्वाड्रनमधला योसेफ फ्रांतिशेक याच्या नावावर सप्टेंबर १९४० या एका महिन्यात १७ विमाने आहेत. तो सार्जंट होता, म्हणून त्याला डीएफएम आणि त्यावर बार. फ्रांतिशेकबद्दल आणखी एक दुरुस्ती: तो पोलिश नव्हता, चेक होता. पोलिश हवाई दलात लढला आणि ८ ऑक्टोबर १९४० रोजी विमान कोसळून गेला. ‘सर्वांत यशस्वी पोलिश वैमानिक’ म्हणून त्याचा फोटो छापणे म्हणजे स्क्वाड्रन आणि राष्ट्रीयत्व एकच समजणे. उलट बाजूने, त्याच स्क्वाड्रनमध्ये जॉन केंट हा कॅनेडियन अधिकारी होता आणि त्याला पोलंडचे ‘व्हिर्तुती मिलितारी’ हे लष्करी शौर्यपदक मिळाले. त्याला कुणी पोलिश म्हणत नाही.

बार म्हणजे काय, यावरही गोंधळ. तेच पदक दुसऱ्यांदा मिळाले तर नवा क्रॉस देत नाहीत, फितीवर चांदीची आडवी पट्टी चढवतात. डीएफसीच्या पट्टीच्या मधोमध गरुड असतो. गणवेशावर नुसती फीत लावली असेल तर पट्टीऐवजी छोटे चांदीचे गुलाबफूल दिसते. म्हणून ‘डीएफसी आणि दोन बार’ म्हणजे तीनदा डीएफसी. स्तानिस्लाव्ह स्काल्स्की यांना डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) आणि डीएफसी व दोन बार होते. त्यांची ‘दोनदा डीएफसी’ अशी नोंद आम्ही अनेकदा पाहिली आहे. पोलिश ‘क्झिझ वालेचनिख’ या शौर्यक्रॉसच्या फितीवरच्या पट्ट्याही अशाच मोजाव्यात: तीन पट्ट्या म्हणजे चार वेळा.

फितीवरून पदक ओळखणे सर्वांत सोपे, आणि जुन्या फोटोत बहुधा फीतच हाती लागते. डीएफसी आणि डीएफएम, दोन्हींची फीत पांढरी-जांभळी, ४५ अंशांत तिरक्या पट्ट्यांची. डीएफसीचा पट्टा एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर. डीएफएमचा त्याच्या निम्मा. म्हणून डीएफएमची फीत दुरून दाट रेघांची दिसते. जांभळ्याऐवजी लाल असेल तर ते एअर फोर्स क्रॉस किंवा मेडल, म्हणजे शत्रूशी प्रत्यक्ष झुंज नसताना केलेल्या उड्डाणसेवेचे. प्रशिक्षक, चाचणी वैमानिक यांच्या छातीवर ते दिसते. कृष्णधवल फोटोत लाल आणि जांभळा यांत फरक करता येत नाही. तिथे पट्ट्यांची दाटी पाहून क्रॉस की मेडल एवढे ठरवता येते, झुंजीचे की सेवेचे हे कागदावरूनच ठरवावे लागते. फोटो मागाहून रंगवलेला असेल तर रंगावर मुळीच विसंबू नये, कारण रंगवणाऱ्याने अंदाज केलेला असतो.

फितींचा क्रमही बोलतो. पोलिश वैमानिक आपल्या देशाची सन्मानचिन्हे आधी लावत: व्हिर्तुती मिलितारीची काळ्या काठांची निळी फीत, मग शौर्यक्रॉसची किरमिजी-पांढरी, आणि त्यानंतर ब्रिटिश डीएफसी. ब्रिटिश अधिकाऱ्याला पोलिश पदक मिळाले असेल तर क्रम उलटा. फोटो आरशासारखा उलटा छापला गेला की हा क्रम बिघडतो. उलटा छापलाय का हे कोटाची बटणे कोणत्या बाजूने लागली आहेत आणि पोलिश वैमानिकाचा झेपावणारा गरुडबिल्ला डाव्या छातीवर आहे का, यावरून पडताळता येते.

आता पदक हातात असेल तर. डीएफसीच्या पाठीवर मधोमध राजाचे अक्षरचिन्ह आणि खाली १९१८ हे वर्ष असते. ते पाहून ‘पहिल्या महायुद्धातला क्रॉस’ असे लिहून मोकळे होणारे खूप. १९१८ हे पदकाच्या स्थापनेचे वर्ष आहे, प्रदानाचे नव्हे. दुसऱ्या महायुद्धातल्या डीएफसीवर प्रदानाचे वर्ष वेगळे कोरलेले असते, पाठीमागे खालच्या भुजेवर: १९४०, १९४१ असे. सहाव्या जॉर्जच्या काळातल्या डीएफएमवरही १९१८ आहे, विमानावर बसलेल्या विजयदेवतेच्या बाजूला. डीएसओचे वर्ष शोधायचे तर क्रॉस पालथा करून खालच्या लटकन-पट्टीची मागची बाजू पाहावी.

आणि नाव? इथे सगळ्यांत जास्त फसवणूक होते. डीएफसी आणि डीएसओ त्या काळी नाव न घालता देत. म्हणून नाव नसलेला क्रॉस बनावट ठरत नाही, आणि नाव कोरलेला क्रॉस आपोआप खरा ठरत नाही. काही जणांनी तो घेतल्यावर खासगी सोनाराकडून नाव घालून घेतले. पण पोलिश नाव असले की भाव चढतो हे विक्रेत्यालाही ठाऊक असते आणि निनावी क्रॉसवर नाव कोरायला तास-दोन तास पुरतात. अशा वेळी क्रॉसपेक्षा त्याच्याबरोबरचे कागद महत्त्वाचे: पदकासोबतचे पत्र, शिफारशीची प्रत, त्या व्यक्तीची लॉगबुक, गणवेशातला फोटो. त्यांतले काहीच नसेल तर तो ‘अमक्याचा डीएफसी’ नव्हे, ‘१९४१ सालचा एक डीएफसी’ एवढेच म्हणावे.

बनावट नग ओळखायला फार साधने लागत नाहीत. अस्सल पदक ठशाने ठोकलेले असते, नक्कल बहुधा अस्सलावरून साचा घेऊन ओतलेली. ओतलेला धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून नक्कल मूळ पदकापेक्षा किंचित लहान भरते. व्हर्नियर कॅलिपरने मोजले की कळते. डीएफसीची रुंदी सुमारे ५४ मिलिमीटर. शिवाय नकलेत बारीक काम बोथट होते. डीएफसीच्या मधल्या पंखांची पिसे आणि पुष्पमालेची पाने भिंगाखाली सुटी दिसली पाहिजेत. कडेवर सांध्याची रेघ किंवा कानशीचे ओरखडे दिसले तर तो नग बाजूला ठेवावा. खोलगट भागात सुईच्या टोकाएवढी भोके दिसली तर ओतकाम नक्की.

यानंतर तारे. सहा टोकांचे पितळी-तांबूस तारे ही मोहिमेची पदके आहेत, शौर्याची नव्हेत. ठरलेल्या क्षेत्रात ठरलेले दिवस सेवा केली की तारा मिळे. पराक्रमाची शिफारस लागत नसे. पोलिश वैमानिकांना लागू पडणारे मुख्य तारे असे. १९३९-४५ स्टार सगळ्यांचा; त्यावर ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ अशी सोनेरी पट्टी असेल तर त्या माणसाने १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या काळात फायटर कमांडच्या मान्य तुकडीतून किमान एक मोहीमउड्डाण केले होते. असे १४५ पोलिश वैमानिक धरले जातात. दुसरा एअर क्रू युरोप स्टार, ३ सप्टेंबर १९३९ ते ५ जून १९४४ या काळात ब्रिटनमधल्या तळांवरून युरोपवर केलेल्या मोहिमांसाठी. ६ जून १९४४ पासून त्याची जागा फ्रान्स अँड जर्मनी स्टारने घेतली. एकाच माणसाला हे दोन्ही तारे मिळत नसत. जो तारा आधी मिळे, त्यावरच दुसऱ्याच्या नावाची पट्टी. तेव्हा एकाच चौकटीत दोन्ही तारे टांगलेला ‘मूळ संच’ कुणी दाखवला तर तो मागाहून जुळवलेला आहे. एकूण ताऱ्यांची मर्यादाही त्या काळी पाचच होती. एअर क्रू युरोप स्टार तुलनेने कमी दिले गेले, म्हणून सगळ्या ताऱ्यांत त्याची नक्कल सर्वांत जास्त होते. फिकट निळा मध्य, पिवळ्या रेघा आणि काळे काठ अशी त्याची फीत आज नवी विकत मिळते, त्यामुळे नुसत्या फितीवरून तारा खरा ठरवू नये.

एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो: ‘लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी राजपत्रात, नाव नाही, म्हणजे पदक मिळालेच नाही.’ पोलिश वैमानिकांना हा नियम लावता येत नाही. ५ ऑगस्ट १९४० च्या करारानंतर पोलिश हवाई दल हे स्वतंत्र, मित्रराष्ट्राचे दल होते. रॉयल एअर फोर्सच्या हुकमतीखाली लढणारे, पण आपल्या सरकारला निष्ठा वाहिलेले. परकीयांना दिलेली ब्रिटिश सन्मानचिन्हे मानद धरली जात आणि साधारणपणे गॅझेटात छापली जात नसत. उलट अर्जन सिंग यांच्यासारख्या भारतीय वैमानिकांची नावे त्यात सापडतात, कारण ते त्या वेळी ब्रिटिश राजाची प्रजा होते. म्हणजे एकाच डीएफसीचा माग दोन वेगळ्या ठिकाणी लागतो. पोलिश वैमानिकासाठी लंडनमधल्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजमध्ये हवाई मंत्रालयाच्या शिफारशींच्या फायली, एआयआर २७ या मालिकेतल्या स्क्वाड्रनच्या रोजनिशा आणि एआयआर ५० मधले झुंजीचे अहवाल पाहावेत. पोलिश बाजूची कागदपत्रे लंडनच्या पोलिश इन्स्टिट्यूट अँड सिकोर्स्की म्युझियममध्ये आहेत. शोध नावाने घेतला तर हाती काही लागत नाही, कारण इंग्रज कारकुनाने पोलिश अक्षरांवरच्या खुणा गाळलेल्या असतात आणि एकच आडनाव तीन प्रकारे लिहिलेले असते. सेवाक्रमांक मिळाला की काम सोपे होते: अधिकाऱ्यांचा बहुधा ‘पी’ने सुरू होणारा, इतरांचा सहा अंकी, पुष्कळदा ७८ किंवा ७९ ने सुरू होणारा. व्हिर्तुती मिलितारीच्या रौप्य क्रॉसच्या पाठीवर क्रमांक असतो, तोही टिपून घ्यावा.

‘मरणोत्तर डीएफसी’ हा शब्दप्रयोगही जपून वापरावा. शत्रूसमोरच्या शौर्यासाठी त्या काळी मरणोत्तर देता येत होता तो व्हिक्टोरिया क्रॉस, किंवा मग अधिकृत अहवालात नुसता नामोल्लेख होई. डीएफसी, डीएफएम मरणोत्तर देण्याची मुभा १९७९ मध्ये आली. म्हणून यशवंत घाडगे यांना मरणोत्तर सन्मान मिळू शकला, पण १९४० मध्ये पडलेल्या एखाद्या वैमानिकाला, त्याची शिफारस तो जिवंत असताना झालेली नसेल तर, डीएफसी मिळण्याची वाटच नव्हती. ३०३ चा लुडविक पाश्केविच २७ सप्टेंबर १९४० ला पडला आणि डीएफसीधारकांत त्याचे नाव आहे. अशा नावापुढे ‘मरणोत्तर’ लिहिण्याआधी शिफारशीची तारीख आणि मृत्यूची तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

खानापूर, चिकोडी, हुक्केरी, निपाणी भागातल्या घरांत जी पदके आहेत त्यांना यातले बरेच लागू पडते, पण एका ठिकाणी नियम उलटा होतो. ब्रिटिशांचे दुसऱ्या महायुद्धातले तारे निनावी. भारतीय सैनिकांच्या ताऱ्यांच्या पाठीवर मात्र क्रमांक, हुद्दा, नाव आणि दल ठशाने उमटवलेले असते. म्हणून आजोबांचा बर्मा स्टार किंवा इटली स्टार पाठीमागून कोरा असेल तर तो मूळचा नसून मागाहून बदलीत आलेला असण्याची शक्यता धरावी. रेजिमेंटच्या नावातल्या ‘मराठा’चे इंग्रजी स्पेलिंग त्या काळी ‘एच’ घालून करत; तसे अक्षर दिसले तर ती चूक समजून घासू-खरवडू नये. वॉर मेडल हे गोल पदक चांदीचे नाही, तांबे-निकेलचे आहे. आटवायला दिले तर हाती काही येत नाही आणि कडेवरचा मजकूर कायमचा जातो. पदकाला कडी जोडून गळ्यातले करण्यासाठी सोनाराने डाग दिला की कडेवरची चार-पाच अक्षरे जातात, आणि नेमका तिथे क्रमांक असतो.

घासण्याबद्दल तर हात जोडून सांगावेसे वाटते. चिंच, राख, रांगोळी, पितळ उजळायची पेस्ट, काहीही नको. चांदीवरचा काळा थर तिला झिजवत नाही, पॉलिश झिजवते. दर दसऱ्याला उजळलेल्या पदकावर राजाचे नाक आधी जाते आणि मग नाव. ताऱ्यांवर हिरवट कळक चढली असेल तर कोरड्या मऊ ब्रशने झाडावी, पुन्हा चढू नये म्हणून हवा कोरडी ठेवावी. खानापूरकडच्या पावसाळ्यात हे सोपे नाही, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून दर पावसाळ्यात बदलाव्यात. पीव्हीसीच्या चिकट प्लास्टिक पाकिटात पदक ठेवू नये, त्यातून निघणारे आम्ल धातू खाते. वर्तमानपत्रातही गुंडाळू नये. आपल्या अंकाबद्दल आदर राखून सांगतो, त्या कागदातही आम्ल असते. जुनी फीत विरली असली तरी फेकू नये, तिला कसर लागू नये म्हणून वेगळ्या सुती कापडात ठेवावी आणि प्रदर्शनासाठी नवी फीत लावावी.

आपल्याकडे विनंती एवढीच. पदकाचा फोटो छापायचा असेल तर तीन फोटो मागवावेत: दर्शनी बाजू, पाठ, आणि कड. कडेचा फोटो समोरून प्रकाश टाकून येत नाही. खिडकीपाशी पदक आडवे धरून उजेड एका बाजूने पडू द्यावा, म्हणजे उथळ झालेली अक्षरेही सावलीने उठून दिसतात. फोटोखालच्या ओळीत पदकाचे पूर्ण नाव, कोरलेले वर्ष, धारकाचा त्या वेळचा हुद्दा आणि स्क्वाड्रन किंवा पलटण द्यावी. यांतले जे पदकावर किंवा कागदावर दिसत नाही, ते छापू नये.

कळावे,
आपले,
लष्करी पदकांचे काही अभ्यासक
टिळकवाडी, बेळगाव